फुटबॉल क्लबचा इतिहास : कामाच्या नोंदी

८ जून २०२५

स्मरणिकेचं काम शेवटी माझ्या गळ्यात पडलं. कमिटीत ठराव एकमतानं झाला, इतिहास लिहायचाच म्हणून, आणि लिहायचा कोणी म्हणल्यावर सगळे खाली मान घालून मोबाइल बघायला लागले. असो.

हाताशी काय आहे ते लिहून ठेवतो. क्लबच्या खोलीतली लोखंडी पेटी, त्यात सुट्ट्या पावत्या, सत्तरच्या आसपासचं एक प्रोसिडिंग बुक (मीटिंगच्या ठरावांची वही), फोटो (बऱ्याच फोटोंच्या मागं काहीच लिहिलेलं नाही), नावाच्या पट्ट्या पडलेले कप आणि एक फाटका चामडी चेंडू. बाकीचं सगळं म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात.

पहिली अडचण दारावरच लटकलीय. बोर्डावर लिहिलंय 'स्थापना १५ ऑगस्ट १९४७'. आता आपलं गाव मनमाड-काचीगुडा लाइनवर, परभणी जिल्ह्यातलं, म्हणजे निजामाच्या राज्यातलं. १५ ऑगस्ट ४७ ला इथं झेंडा लावायला बंदी होती, लावणाऱ्यांना पोलिसांनी उचललं, आणि आपल्याला स्वातंत्र्य मिळालं ते १७ सप्टेंबर १९४८ ला. अशा दिवशी गावातल्या पोरांनी जमून फुटबॉल क्लबचा नारळ फोडला हे मला तरी पटत नाही. बोर्ड रंगवणाऱ्याला कोणीतरी 'चांगली तारीख टाक' म्हणलं असणार.

१५ जून

पेटी पूर्ण रिकामी केली. वाळवीनं खालचा थर खाल्लाय, त्यामुळं कागद हातात घेतला की भुगा पडायलाय. आधी सगळ्याचे मोबाइलवर फोटो काढून घेतले, मगच उचलायला लागलो.

एक पावती उर्दूत आहे. उर्दू शाळेतल्या सरांना व्हॉट्सअॅप केली, तासाभरात त्यांचा फोन. 'चंदा बराए फुटबॉल', म्हणजे फुटबॉलसाठी वर्गणी, असं लिहिलंय म्हणे, रक्कम पाच रुपये हाली, आणि साल फसली. हाली म्हणजे हैदराबादचा सिक्का, इंग्रजांचा तो कलदार, साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार. मुद्दाम 'हाली' लिहिलंय म्हणजे गावात दोन्ही नाणी फिरत असणार, रेल्वेचं गाव आहे, साहजिक आहे. पाच रुपये म्हणजे त्या काळात मोठी वर्गणी, एखाद्या व्यापाऱ्यानं किंवा वकिलानं दिली असेल, नावाचा भाग पुसलाय.

फसली साल हे हैदराबादचं सरकारी वर्ष, ऑक्टोबरात सुरू व्हायचं. त्यात ५९० मिळवले की सुरू होतानाचं इसवी सन निघतं. पावतीवर १३५ एवढंच दिसतंय. चौथा आकडा वाळवीनं खाल्लाय!! १३५० धरलं तर १९४०, १३५९ धरलं तर १९४९. म्हणजे बरोबर दहा वर्षांचा घोळ, आणि नेमकं त्याच दहा वर्षांत सगळं घडलेलं.

अजून एक, पावतीवर क्लबचं नाव कुठंच नाही. गावात तेव्हा फुटबॉल होता एवढंच त्यावरून म्हणता येतं. आपलाच क्लब होता का दुसरं कोणी वर्गणी गोळा करायलं होतं, ते ह्या कागदावरून सांगता येत नाही. सेक्रेटरींना हे सांगितलं तर म्हणाले, अरे गावात दुसरा क्लब होताच कुठं. असेलही.

२२ जून

चाचांकडं गेलतो. वय पंच्याऐंशी, कान गेलेत पण आवाज तसाच, जुने गोलकीपर आहेत, पन्नासच्या शेवटी शेवटी गोलमधे उभं राहायला लागले. आधी चहा, मग बिस्किटं, मग माझ्या आजोबांची चौकशी, मग कुठं फुटबॉल.

त्यांनी जे सांगितलं त्यावर अख्खी स्मरणिका उभी राहू शकते. मी विचारलं, मुंबईच्या टीमा बघून तुम्ही शिकलात का, तर हसायलेत. "मुंबई कायकू मियाँ, हमारा तो सब हैदराबाद था." संध्याकाळच्या पॅसेंजरला बसलं की सकाळी काचीगुडा. रेल्वेतली माणसं पासवर जायची, मॅच बघून यायची आणि दुसऱ्या दिवशी ग्राउंडवर त्याचीच नक्कल. चाचांचे मोठे भाऊ असेच जाऊन आलेले. हैदराबाद सिटी पोलिस म्हणजे तेव्हा देशातली भारी टीम, १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं मुंबईत जाऊन रोव्हर्स कप उचलला त्यांनी. कोच सय्यद अब्दुल रहीम, मूळचे मास्तर, तेच पुढं इंडियाचे कोच झाले, ५१ ला आणि ६२ ला एशियन गेम्सचं सोनं, ५६ ला मेलबर्न ऑलिंपिकात चौथा नंबर. त्या मेलबर्नच्या टीममधे नूर मोहम्मद, अझीझुद्दीन, तुलसीदास बलराम अशी हैदराबाद-सिकंदराबादकडचीच पोरं. चाचा ही नावं शेजारच्या गल्लीतल्या माणसांची घ्यावीत तशी घेतात.

रहीम साहेब तिकडं अशा स्पर्धा घ्यायचे की ड्रिबल, म्हणजे बॉल पायात खेळवत एकट्यानं पुढं जाणं, करायचंच नाही, नाहीतर जो पाय कच्चा आहे त्याच पायानं खेळायचं. भावांनी हे ऐकून आपल्या ग्राउंडवर नियम काढला, जो पोरगा बॉल घेऊन एकटाच नाचत सुटेल त्याला बाहेर बसवायचं, आणि बाहेर बसलेल्यानं बॉल काट्यात गेला की आणून द्यायचा. बाभळीचे काटे आणि अनवाणी पाय. पोरं पटापट पास द्यायला शिकली म्हणे.

मॅच सत्तर मिनिटांची, पस्तीस-पस्तीस. गोलला जाळी नाही, नुसते दोन खांब आणि वर आडवं लाकूड, त्यामुळं जोराचा शॉट आतून गेला का बाहेरून ह्यावर भांडण ठरलेलं. चाचांच्या मते त्यांनी आयुष्यात फार थोडे गोल खाल्ले. जाळी नव्हती म्हणजे काय, तुमचं तुम्हीच समजा.

२४ जून

झोपताना डोक्यात आलं म्हणून लिहून ठेवतो. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा हैदराबादमधून निघून मुंबई राज्यात आला. त्याच सीझनला, १९५६-५७ ला, हैदराबादनं संतोष ट्रॉफी (राज्याराज्यांच्या टीमांची देशपातळीवरची स्पर्धा) जिंकली आणि पुढच्या वर्षी परत जिंकली. म्हणजे तिकडचा फुटबॉल ऐन भरात आणि आपण नकाशावर तिकडून इकडं. मराठवाडा बाकीच्या मराठी मुलखाला जोडला गेला हे चांगलंच झालं, त्यात वादच नाही. पण खेळाच्या बाबतीत आपल्या पोरांचा ओळखीचा रस्ता बंद झाला आणि नवा रस्ता लांब मुंबईपर्यंत, जिथं आपलं कोणी ओळखीचं नाही. हाच मुद्दा मला स्मरणिकेत मांडायचाय. बाकी कप किती जिंकले ती यादी काय, मागच्या पानावर देता येईल.

६ जुलै

आज आषाढी. घरी भगर-आमटी खाऊन तो फाटका चेंडू घेऊन स्टेशन रोडच्या चांभारकाकांकडं गेलो. त्यांचे वडील क्लबचे बॉल शिवायचे. त्यांनी चेंडू हातात घेऊन आधी वास घेतला, मग अंगठ्यानं टाके चाचपले. म्हणले हे टाके बाचे नाहीत, कारखान्याचे आहेत, पण हा एवढा जोड बाचा. दाखवल्यावर मलाही दिसलं, एका फाकेला दोरा जाड आहे आणि मेण लावलेलं आहे.

तोंडाशी चीर, त्यावर चामडी वादी बुटाच्या नाडीसारखी ओवलेली. आत रबरी ब्लॅडर, त्याची नळी बाहेर काढून सायकलच्या पंपानं हवा भरायची, नळी दुमडून दोऱ्यानं करकचून बांधायची, आत कोंबायची आणि वादी आवळायची. नळी नीट बसली नाही की तिथं टेंगूळ यायचं आणि बॉल सरळ जायचाच नाही. हेडर मारताना कपाळावर वादी बसली की वळ उठायचा, म्हणून जुनी माणसं वर बघून आधी वादी कुठंय ते बघायची आणि मग डोकं लावायची. पावसात चामडं पाणी प्यायचं, बॉल भोपळ्यासारखा जड व्हायचा, मग वाळवताना उन्हात ठेवायचा नाही, सावलीत, आणि वाळल्यावर तेल किंवा चरबी चोळायची. हे काम ज्युनियर पोरांचं.

काकांनी पैसे घेतले नाहीत. शिवून देतो म्हणले, मी म्हणलं नको, आहे तसाच राहू द्या.

१३ जुलै

फोटो नंबर ४. अकरा जण, पाच बसलेले सहा उभे, बाजूला टोपीवाला एक माणूस कप धरून. सात जण अनवाणी, नुसतं घोट्याला पट्ट्या गुंडाळलेल्या. पोरं म्हणायलेत की अनवाणी म्हणजे फोटो १९५२ च्या आधीचा. असं नसतं. ५२ ला हेलसिंकीत युगोस्लाव्हियानं आपल्याला १०-१ नं धुतलं, त्यानंतर वरच्या पातळीवर बूट सक्तीचे झाले हे खरंय, पण आपल्या ग्राउंडवर तो नियम पोचायला आणि बूट घ्यायला पैसे यायला किती वर्षं गेली असतील विचार करा. त्यामुळं पायावरून साल काढायचं नाही.

मोठं करून बघितलं तर मागच्या इमारतीवर पाटी दिसायलीय, 'मध्य रेल्वे'. हे कामाचं. निजामाची रेल्वे मध्य रेल्वेत गेली नोव्हेंबर १९५१ ला, आणि २ ऑक्टोबर १९६६ ला दक्षिण मध्य रेल्वे झाली, हेडक्वार्टर सिकंदराबाद. म्हणजे फोटो ह्या पंधरा वर्षांतला. डब्यावर असतं तर मी धरलं नसतं, डबे कुठूनही कुठं जातात, पण इमारत जागची हलत नाही. नवीन पाटी लावायला कोणी चार महिने उशीर केला असेल तर तेवढा फरक.

चाचांनी तिघं ओळखले. चौथ्याला म्हणले, "ये मद्रासी था, लेफ्ट आऊट, क्या भागता था." नाव आठवेना. रेल्वेची बदली झाली आणि गेला. क्लबच्या जुन्या फोटोंत असे कितीतरी आहेत, दोन-तीन वर्षं आले, खेळले, बदली, संपलं. गार्ड, फायरमन, तारबाबू. गावच्या पोरांना नवं नवं शिकायला मिळालं ते ह्यांच्यामुळंच, आणि कॅप्शनमधे लिहायला त्यांचंच नाव नाही.

२७ जुलै

आज कोणीच भेटलं नाही. पाऊस.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनाला सगळे जुने एकत्र सापडले, रेकॉर्डर चालूच ठेवला. गंमत अशी की सन कोणीच सांगत नाही. रझाकाराच्या टायमाला, दुष्काळाच्या साली, टीव्ही आला त्या वर्षी, भूकंपाच्या वर्षी. मी वहीत डाव्या बाजूला त्यांचं साल लिहितो आणि उजव्या बाजूला आकडा.

'टीव्हीचं वर्ष' म्हणजे १९८६. मेक्सिकोचा वर्ल्डकप दूरदर्शनवर लागायचा. फायनल २९ जूनला आपल्या रात्री साडेअकराला, एका डॉक्टरांच्या घरासमोर अंगणात टीव्ही काढून ठेवलेला आणि लाइट गेली तर म्हणून ट्रॅक्टरची बॅटरी तयार. अर्जेंटिना ३, वेस्ट जर्मनी २. त्याच्या पुढच्या स्पर्धेला जर्सीवर नंबर घालायला पेंटरकडं दिल्या तर तिघांनी गुपचूप जाऊन मॅराडोनाचा दहा नंबर घालून घेतला. रेफरीनं मॅचच सुरू करू दिली नाही. शेवटी दोघांच्या पाठीवर खडूनं एकाचा सात आणि एकाचा नऊ केला, आणि घामानं अर्ध्या तासात परत दहा दिसायला लागला.

त्याच्या तीनच वर्षं आधी, ८३ ला, क्रिकेटचा वर्ल्डकप आलेला. खरं नुकसान तिथून सुरू झालं असं माझं मत आहे. एका ग्राउंडवर मधोमध पीच टाकली की फुटबॉल कडेला जातो, सिंपल आहे.

३१ ऑगस्ट

प्रोसिडिंग बुक वाचून संपवलं. अक्षर सुंदर, गुरुजींच्या वळणाचं. बरेचसे ठराव ब्लॅडर, पंप, शिट्टी, चुना आणि हाफटाइमची मोसंबी ह्यांच्यावर. एक ठराव फक्त एवढाच आहे की गोलपोस्टला शेळ्या बांधू नयेत.

१९७२ च्या दुष्काळातली पानं मात्र वेगळी. चुन्याला पैसे नाहीत म्हणून राखेनं लाइनी मारल्या असं लिहिलंय. खेळाडूंची हजेरी कमी होत होत चार-पाचावर आलीय आणि शेऱ्यात 'कामावर'. म्हणजे दुष्काळी कामावर, खडी फोडायला नाहीतर पाझर तलावाच्या मातीवर. एका काकांना विचारलं तर म्हणले, "दिसभर खडी फोडून मिलोची भाकर खाल्ल्यावर फुटबॉल कोण खेळतंय बाबा, आमी ग्राउंडवर नुसतं बसायला जायचो." मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. त्यानंतर कित्येक पानं कोरी. कोऱ्या पानांचा फोटो स्मरणिकेत घालायचा असं मी ठरवलंय, सेक्रेटरींना अजून सांगितलं नाही.

१७ सप्टेंबर

मुक्तिसंग्राम दिन, आणि आजच कमिटीत बोर्डाचा विषय काढला. जरा तापलं. एक जण म्हणले सत्तेचाळीसच राहू द्या, किती वर्षं झाली लोक वाचायलेत. दुसरे म्हणले मग निदान सतरा सप्टेंबर अठ्ठेचाळीस तरी लिव्हा, आपला दिवस आहे. मी पावतीची प्रिंट पुढं ठेवली. तिच्यावर सालाचा शेवटचा आकडाच नाही तर कोणतीही तारीख आपण मनानंच टाकणार, आणि चाचांचे भाऊ काय, त्यांचे उस्ताद काय, सगळे निजामाच्या राज्यातच खेळायला शिकले, त्यात लपवण्यासारखं काय आहे? त्या राज्यात जुलूमही होता आणि फुटबॉलही होता.

शेवटी ठरलं : 'हैदराबाद संस्थानच्या काळापासून'. तारीख नाही. पेंटर म्हणाला अक्षरं जास्त झाली, पैसे वाढतील.

२८ सप्टेंबर

काम बंद. आठवडाभर नुसता पाऊस, मराठवाड्यात जिकडंतिकडं पूर, शेतं वाहून गेली, सोयाबीन तर हातचं गेलंच. ग्राउंडवर गुडघ्याच्या वर पाणी. पेटी आमच्या माळ्यावर आणून ठेवलीय. क्लबची पोरं नदीकाठच्या वस्तीत धान्याची किटं वाटायलीत, स्मरणिकेच्या जाहिरातीचे जमलेले पैसे त्यातच घातले, कोणी हरकत घेतली नाही.

बोलता बोलता भूकंपाचं निघालं. १९९३ ला अनंत चतुर्दशीची विसर्जनं करून लोक झोपलेले आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप. इथंही भांडी पडली. क्लबची स्पर्धा दसऱ्यानंतर असायची, त्या वर्षी झालीच नाही, बक्षिसाची रक्कम आणि टीम मिळून लातूरकडं गेली. जे गेलते ते त्यावर फार बोलत नाहीत. मीही रेकॉर्डर बंद केला.

२६ ऑक्टोबर

दिवाळीला पुणेकर गावात आलते, म्हणजे आपलेच, चाकण आणि हिंजवडीवाले. नव्वदच्या दशकात मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आली, पुण्या-मुंबईला थेट गाड्या झाल्या आणि चांगली टीम जमली की दोन वर्षांत ती त्याच गाड्यांनी जाते. लाइन तीच, फक्त पोरं आता उलट्या दिशेला चाललीत. एक जण रागावून म्हणला, काय करणार दादा, फुटबॉलवर पोट भरतंय का. बरोबरच आहे त्याचं.

९ नोव्हेंबर

औरंगाबादच्या एका स्पर्धेत आपण आठ गोल खाल्लेले, ती मॅच घालायची का नाही ह्यावर ग्रुपवर रात्री एकपर्यंत मेसेज. जे त्या टीममधे होते त्यांचं म्हणणं घालू नका, जे नव्हते ते सगळे घाला म्हणतायत. मी घातलीय. गोलकीपरला फोन करून विचारलं, तो म्हणला घाला, पण रेफरीनं दोन ऑफसाइड दिले नाहीत हेही लिहा. लिहिलं.

२३ नोव्हेंबर

मजकूर प्रेसला गेला. प्रूफ आल्यावर चाचांना मोठ्या अक्षरात काढून द्यायचं आहे.

शेवटचा फोटो मुलींच्या टीमचा. १५ सप्टेंबर २०१७ ला सरकारनं राज्यभर शाळाशाळांत फुटबॉल खेळायला लावला, सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप भारतात होता म्हणून. तेव्हा शाळेला बॉल आले, बऱ्याच शाळांत ते पुढं कपाटात गेले, पण इथं मुलींनी सोडले नाहीत. पहिल्या वर्षीच्या काही आता पोलिस भरतीची तयारी करतात आणि सकाळी लहान मुलींना खेळवतात. ग्राउंड सकाळी सहा ते साडेसात त्यांचं, क्रिकेटवाल्यांशी भांडून मिळवलेलं.

कॅप्शनसाठी डावीकडून उजवीकडं सगळ्यांची पूर्ण नावं, पोझिशनसकट, त्यांच्याच हातानं लिहून घेतली. गोलकीपर मुलीनं नावापुढं कंसात 'कॅप्टन' लिहिलं, शेजारचीनं ते खोडून स्वतःच्या नावापुढं लिहिलं. कोचला विचारून मंगळवारपर्यंत प्रेसला कळवायचं.